हजार ताक

ओसवालांच्या मेडिकलमध्ये रात्री दहानंतर
सिंहगड रोडचा आवाज जरा खाली बसतो,
आणि मी गल्ल्याखालचा डबा काढते.
डब्यात पुठ्ठे. औषधांची रिकामी खोकी कापून केलेले.
करड्या बाजूला नॉर्वेजियन शब्द,
छापील बाजूला, कंपनीच्या नावावर आडवा, मराठी.
कधीकधी दोन्ही एकत्र वाचले जातात:
समुद्र – थंड व कोरड्या जागी ठेवावा.

सुरुवात एका बाटलीनं झाली.
माशाच्या तेलाची, कुणीतरी तिकडून आणलेली.
सबनीसकाका घेऊन आले, म्हणाले,
बाई, किती चमचे ते बघा.
तेवीस वर्षं मी डॉक्टरांची अक्षरं लावते आहे,
गांडूळ पावसात वळवळावं तशी अक्षरं,
आणि ही छापील, सुबक, स्वच्छ ओळ
मला लागेना.
हे मनाला लागलं.

मग अ‍ॅप. ते रोज एक वाक्य पुढ्यात टाकतं:
अस्वल माझं वर्तमानपत्र वाचत आहे.
माझ्या मामाकडे सात टोप्या आहेत.
मी दिवसाकाठी पंधरा मिनिटं
असल्या घरात राहून येते.

कशाला, असं शेठ विचारतात.
कशाला, असं नणंद विचारते, इरफान विचारतो
डिलिव्हरीची पिशवी खांद्यावर चढवताना.
तिकडे कुणी आहे? नाही.
जायचंय? पासपोर्ट नाही.
मग?
मग काही नाही. पुण्यात इतकं उत्तर पुरत नाही,
हे मला कळतं.

त्यांचं आभार म्हणजे ताक.
खूप आभार, तर हजार ताक.
पहिल्या दिवशी मी एकटीच हसले, कफ सिरपच्या रांगेसमोर.
पण मूल त्यांच्याकडेही नपुंसकलिंगी,
ते बार्न, ते मूल. घरसुद्धा: ते हूस, ते घर.
पावाला लावायच्या सगळ्याला मिळून एक शब्द, पोलेग;
मी पुठ्ठ्यावर लिहिलं: तोंडीलावणं.
दिवस आणि रात्र मिळून दॉय्न,
इंग्रजीला चोवीस तास मोजावे लागतात,
आपण म्हणतो अहोरात्र.
फक्त परवाला ते घाबरतात.
गेलेला परवा वेगळा, येणारा वेगळा,
आपल्यासारखा एकच शब्द
दोन्हीकडे तोंड करून बसत नाही.

दुपारी गर्दी नसली की
मी फोनवर तिकडच्या औषधांची माहितीपत्रकं वाचते.
कथा-कादंबऱ्या अजून झेपत नाहीत.
पण जुलाब, चक्कर, अंगावर पुरळ,
ही माणसं ओळखीची आहेत.

एकदा एक गोरा आला, पोट धरून.
मी तीन महिन्यांचं सगळं गोळा केलं,
शुभ संध्याकाळ, कुठे दुखतंय, पाणी उकळून प्या.
तो ऐकत राहिला, मग इंग्रजीत म्हणाला,
मी हॉलंडचा.
पण ओआरएसची पाकिटं जास्तीची घेतली त्यानं.

गेल्या महिन्यात बाटलीवरची ओळ लागली.
रोज एक छोटा चमचा. मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.
लगेच फोन केला.
सबनीसकाका म्हणाले, अहो, ती केव्हाच संपली,
मी आपला सकाळ-संध्याकाळ दोन मोठे घेत होतो.
मग काही झालं का?
काय व्हायचंय! आता त्यात खोबरेल आहे.

काल रात्री वीज गेली.
इन्व्हर्टर बंद, फोन मेलेला.
सलग दोनशे सतरा दिवसांचा आकडा
बाराच्या ठोक्याला शून्य होणार होता, झाला.
मी अंधारात पुठ्ठे चाचपत होते,
अक्षर दिसत नाही म्हणून कडा ओळखून,
हा गोळ्यांच्या खोक्याचा, जाड, म्हणजे कान्शे,
म्हणजे कदाचित.

शटर अर्धं खाली. बाहेर कुणीतरी ठोठावलं.
कुणी नाहीये का आत?

आता त्यांच्यात अशा प्रश्नाला,
नाही-का विचारणाऱ्या प्रश्नाला,
साध्या होकारापेक्षा निराळा एक होकार आहे.
आपण वाक्याच्या शेवटी की लावतो, तसा.
तो माझ्या तोंडून आधी गेला:

यू.

बाहेर शांतता.

म्हणजे आहे की, आहे, म्हटलं.
बोला, काय देऊ?